दात आणि रेषा

जास्त दातांचं ब्लेड म्हणजे चांगलं ब्लेड, ही समजूत टेबल सॉ वापरणाऱ्यांमध्ये फार खोल मुरली आहे. दुकानात 10 इंची ब्लेडची चौकशी दातांपासून सुरू होते आणि 80 हा आकडा कानावर पडला की तिथेच संपते. पण दातांची संख्या हा दर्जा नव्हेच. लाकडाची रेषा कुठल्या दिशेने जाते आणि आपल्याला कुठल्या दिशेने कापायचं आहे, यावर ती ठरायला हवी. हातकरवतीच्या काळात सुताराला हे वेगळं सांगावं लागत नसे. उभ्या कापाच्या करवतीचे दात तो पटाशीसारखे सरळ घासायचा, आडव्या कापाच्या करवतीचे सुरीसारखे तिरपे. रेषेच्या बाजूने जाणाऱ्या दाताला लाकूड फक्त तासून बाहेर काढायचं असतं. रेषेला आडवं जाणाऱ्याला आधी दोन्ही कडांचे तंतू तोडावे लागतात, नाहीतर ते उपटले जातात. यंत्र आलं म्हणून लाकूड बदललं नाही.

हिशेबच करून पाहा. ब्लेड मिनिटाला 4000 फेरे घेतंय आणि फळी मिनिटाला 4 मीटर पुढे सरकतेय असं धरलं, तर 24 दातांच्या ब्लेडचा प्रत्येक दात सुमारे 0.04 मिलिमीटर लाकूड घेतो. 80 दातांच्या ब्लेडचा जेमतेम 0.0125. इतक्या बारीक घासात दात कापण्यापेक्षा घासतच जास्त राहतो. त्यात दातांमधल्या खाचा लहान, त्यामुळे उभ्या कापातला लांबट भुसा बाहेर पडायला जागा नसते. ब्लेड तापतं, सागवानाची कड काळी पडते आणि हात नकळत जोर वाढवतो. हा वाढलेला जोर मला काळ्या कडेपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो, कारण फळी अडकून मागे फेकली गेली तर सावरायला वेळ मिळत नाही. 24 दातांचा काप खडबडीत येतो, हा आक्षेप खरा आहे. पण उभी कापलेली कड पुढे रंध्याखाली जाणारच असते. तिथे गुळगुळीतपणासाठी जादा पैसे का मोजायचे?

प्लायवुडची गोष्ट वेगळी. त्याचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे कसंही कापलं तरी काही थर आडवेच छेदले जातात. तिथे 60 ते 80 आलटूनपालटून तिरपे दात हवेतच. मग 40 किंवा 50 दातांचं एकच ब्लेड दोन्हींकडे का चालवू नये? साइटवर, मिश्र कामात जरूर चालवावं. पण दिवसभर फळ्या चिरायच्या असतील, तर ब्लेड बदलण्यात जाणारी मिनिटं मला वायफळ वाटत नाहीत. दोन ब्लेडांचा खर्च जास्त, हेही मान्य. मात्र प्रत्येक ब्लेड आपल्या नेमक्या कामाला लागलं की धार टिकते, आणि कार्बाइडच्या दातांना पुन्हा धार लावून घेता येते. सागवानात सिलिका असते, त्यामुळे साधे पोलादी दात तिथे लवकर बोथट होतात. त्या लाकडासाठी कार्बाइडच घ्यावं. शिवाय ब्लेड बोथट ठरवण्याआधी दातांवर साचलेला चिकट थर धुऊन पाहावा.

सध्या एकाच ब्लेडपुरते पैसे असतील आणि काम भरीव लाकडाचं असेल, तर 24 दातांचं आधी घ्या. आडवे काप तोवर हातकरवतीने होतील. काम प्लायचं असेल, तर 60 दातांचं.