परळचे वकील

आमच्या वस्तीतली दोन पोरं यंदा एलएलबी झाली. सत्कार झाला, बॅनर लागलं, त्यावर बॅरिस्टरच्या गाऊनमधले बाबासाहेब. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यातल्या एकाला म्हटलं, स्मशानभूमीच्या रस्त्याचा दावा चालू आहे, तारखेला येतोस का? तो म्हणाला, "दादा, तालुका कोर्टात काय करिअर आहे?"

राग आला नाही असं नाही. पण चूक त्याची एकट्याची नाही. आपण जयंतीला घटनाकार सांगतो, अर्थतज्ज्ञ सांगतो. वकिली करून घर चालवणारा माणूस कधी सांगतो?

1922 साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांकडे मुंबईत सनद काढायला पैसे नव्हते. मित्र नवल भथेनांनी मदत केली, तेव्हा 1923 मध्ये वकिली सुरू झाली. हायकोर्टातली ओरिजिनल साइडची मोठी कामं सॉलिसिटरमार्फत येत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ती कोण देणार? मग अपिलं आणि जिल्ह्याच्या कोर्टातली कामं. शिवाय बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवणं. बसायला परळचा दामोदर हॉल. करिअर म्हणतात ते असं सुरू झालं होतं.

आणि अशील कोण? 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून खटला झाला तेव्हा जेधे-जवळकरांसाठी ते अपिलात उभे राहिले आणि जिंकले. 'समाजस्वास्थ्य'च्या र. धों. कर्व्यांसाठी 1934 मध्ये लढले आणि हरले. लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरं देणाऱ्या माणसाची बाजू त्या काळात कोण घेणार होतं? आमच्या मते त्यांच्या वकिलीची उंची या हरलेल्या खटल्यात जास्त दिसते.

पण मुख्य खटला महाडचा, आणि तिथे ते स्वतःच प्रतिवादी. 20 मार्च 1927 ला आपण पाणी प्यालो, हे पोरांना पाठ असतं. पुढचं नसतं. डिसेंबरात सवर्णांनी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. सत्याग्रहासाठी नावं नोंदवून हजारो लोक महाडला जमलेले. मनुस्मृती जळाली, पण पाण्याला हात न लावता मिरवणूक तळ्याला वळसा घालून परत आली. सवर्ण आणि सरकार, दोघांशी एकदम भांडण नको, हा हिशेब त्यामागे होता. लोकांना ते किती जड गेलं असेल!

त्यानंतर दहा वर्षं कागद. 1931 ला महाडच्या कोर्टात जिंकले, 1933 ला ठाण्याला जिंकले, 17 मार्च 1937 ला हायकोर्टात जिंकले. निकाल मात्र नीट वाचायला हवा. माणूस म्हणून तुमचा हक्क आहे, असं कोर्ट म्हणालं नाही. अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, एवढंच म्हणालं. सिद्ध झाली असती तर ती न्याय्य आहे का, हा प्रश्न आला असता. तो आलाच नाही, म्हणून अनुत्तरित राहिला.

आता संविधानाचं कलम 13 काढा. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा रद्द, आणि 'कायदा' या शब्दात रूढीही धरली आहे. कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, रस्ते नाव घेऊन आले आहेत. हा योगायोग आहे असं आम्ही मानत नाही.

आमच्या दाव्यात समोरचे म्हणतात, या रस्त्यानं तुमची वहिवाट कधी नव्हतीच. म्हणजे शंभर वर्षांनी तोच शब्द, फक्त तळ्याच्या जागी मढं न्यायची वाट. घोषणा देऊन हा मुद्दा खोडला जात नाही. जुना गावनकाशा लागतो, ग्रामपंचायतीचे ठराव लागतात, खांदा दिलेल्या म्हाताऱ्यांच्या साक्षी लागतात. त्यातले दोघे या दोन वर्षांत गेले. एकाला त्याच वाटेनं नेताना पोलीस बोलवावे लागले.

हे सगळं आम्ही त्या पोराला सांगितलं. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, दाव्याची नक्कल मागत होता. आम्ही झेरॉक्स काढून ठेवली आहे. नकाशाची नक्कल मात्र भूमी अभिलेख कार्यालयातून अजून मिळायची आहे, आणि तारीख सोमवारी आहे.