त्याच्यासाठी मागणारे कोण?

दिवाळीच्या फराळाची ताटे शेजारीपाजारी धाडायची वेळ आली की बहुतेक घरांत एक गंमत घडते. चकल्या मोजल्या जातात, करंज्या रचल्या जातात, वर भरतकामाचा रुमाल पडतो. आणि कुणाकुणाकडे ताट जायचे याची उजळणी चालू असता एका नावापाशी सगळे क्षणभर गप्प होतात. ते नाव प्रत्येक घराचे वेगळे. कुणाकडे ते समोरच्या बिऱ्हाडाचे असते, कुणाकडे थोरल्या जावेचे, कुणाकडे सख्ख्या भावाचे. आमच्या ख्रिस्ती घरांत हाच प्रसंग नाताळात येतो. करंज्या त्याच, रुमाल तोच आणि अडणारे नावही बहुधा तेच!

शत्रू हा शब्द मोठा आहे. तो ऐकला की आपल्याला तलवारी आणि तोफा आठवतात आणि आपण निश्चिंत होतो. कारण आपल्यासारख्या साध्या माणसांना कुठले आले आहेत शत्रू? पण डोंगरावरच्या प्रवचनात येशूने शत्रूंवर प्रेम करा असे सांगून लगेच, तुमचा छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असे जोडून दिले, तेव्हा त्याच्यासमोर काही सेनापती बसले नव्हते. कोळी, शेतकरी, बायाबापड्या बसल्या होत्या. त्यांचेही शेजारी होते, भाऊबंद होते, देणेकरी होते. ही आज्ञा घरातल्या माणसांना दिलेली आहे, आणि म्हणूनच ती जड जाते.

नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये या ठिकाणी प्रेमासाठी जो शब्द आला आहे तो 'अगापे'च्या कुळातला आहे. त्याचा रोख आवडीनिवडीपेक्षा दुसऱ्याचे भले इच्छिण्याकडे अधिक आहे. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा फार हायसे वाटले. सगळी माणसे आवडलीच पाहिजेत, असे येशूने कुठे सांगितलेले नाही! आवड ही काही हुकमाने येत नाही. कारल्याची भाजी पोटाला चांगली म्हणून खाता येते, पण चांगली म्हणून आवडवून घेता येत नाही. भले इच्छिणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्याची सगळ्यांत पहिली, सगळ्यांत स्वस्त पायरी म्हणजे प्रार्थना. ज्याच्या घरी पाऊल टाकता येत नाही, ज्याच्याशी बोलायला गेले की शब्दाने शब्द वाढतो, त्याचे नाव देवापुढे घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

हे मी पुस्तकात वाचण्याच्या आधी आजीकडे पाहिले होते. माझे आजोळ नगर जिल्ह्यातले. आजीच्या शेताला लागून तिच्या चुलत दिराचे शेत होते आणि दोहोंच्या मध्ये एक बांध. हा बांध दर नांगरटीला थोडा थोडा आजीच्या बाजूने कोरला जाई. वर्षाकाठी वीतभर. वीत ती काय! पण दहा वर्षांत दहा विती होतात, हे विधवा बाईला कुणी शिकवावे लागत नाही. बोलायला गेले की तो गृहस्थ चारचौघांत असे काही बोले की ऐकणाऱ्यानेच मान खाली घालावी.

रात्री कंदिलाच्या उजेडात आमची कौटुंबिक उपासना होई. शास्त्रातला अध्याय, मग एखादे गीत, मग आजीची प्रार्थना. तिच्या प्रार्थनेत नावांची एक लांबच लांब यादी असे आणि त्या यादीत या दिराचे नाव न चुकता येई. ती म्हणायची, "बापा, भाऊजींच्या गुरांना चारा मिळू दे. त्यांच्या पोरीचं लगीन नीट पार पडू दे. त्यांच्या गुडघ्याला उतार पडू दे. आणि त्यांचा नांगर त्यांच्याच शेतात राहू दे. आमेन." आम्ही पोरे शेवटच्या वाक्याला तोंड दाबून हसत असू.

एकदा मी तिला विचारले, "आजी, एवढं सगळं करतात ते, तरी तू त्यांच्यासाठी का गं मागतेस?" ती हरभरा निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "अगं बाई, त्याला शिव्या द्यायला सगळा गाव आहे. त्याच्यासाठी मागायला कोण आहे?"

आता इथे कुणाला वाटेल की आजीने हात जोडले आणि बांध सोडून दिला. मुळीच नाही. तिने पैसे साठवून सरकारी मोजणी आणली. मोजणीदार आले, साखळी टाकली, हद्दीच्या खुणांचे दगड रोवले गेले. दोन पावसाळ्यांनंतर त्यातला एक दगड हातभर सरकलेला दिसला, तर तिने पंच बोलावून तो पुन्हा जागेवर रोवून घेतला. आणि त्या रात्रीही गुडघ्याला उतार मागितला. प्रार्थना करणे म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. उलट, मला तर वाटते, मनातला जाळ आधी देवापुढे ओतून झालेला असल्यामुळेच तिला मोजणीदारापुढे शांतपणे उभे राहता येत होते. जाळ ओतायलाही मुभा आहेच. जुन्या करारातल्या स्तोत्रांपैकी काही इतकी संतापलेली आहेत की मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. देवाजवळ खोटे गोड बोलावे लागत नाही, ही केवढी सोय आहे!

गोष्टीचा शेवट गोड असता तर सांगायला बरे वाटले असते. भाऊजी काही बदलले नाहीत. ते वारले तेव्हा आजीने त्यांचे नाव यादीतून काढले आणि त्यांच्या दोन्ही मुलांची घातली. कारण तोवर नांगर मुलांच्या हाती आला होता आणि वळण बापाचेच होते. बदल झाला असेल तर तो एवढाच, की आमच्या घरात त्या घराविषयी विष पिढीजात उतरले नाही. आम्ही भावंडे आजही त्या शेताकडे पाहतो तेव्हा आम्हाला राग आठवत नाही, गुडघा आठवतो.

पुढे मी शिक्षिका झाले आणि माझ्याही वाट्याला एक मुख्याध्यापक आले. त्यांचे बोलणे बोचरे. आई आजारी असताना मागितलेली रजा त्यांनी नाकारली आणि वर सगळ्यांदेखत टोमणा मारला. आजीची रीत मी हाती घेतली. पहिले कित्येक दिवस नुसते नाव घेत असे. पुढे काय मागावे तेच सुचेना. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली: ज्याच्यासाठी मागायचे त्याला काय हवे आहे हे ठाऊक असावे लागते, आणि ज्याच्यावर आपण रागावलेले असतो त्याच्याविषयी आपल्याला त्याच्या दोषांपलीकडे फारसे काही ठाऊक नसते. मग मी झोप मागू लागले. झोप सगळ्यांनाच लागते. असे दोन-तीन महिने गेल्यावर, शाळेतून घरी जाताना बसमध्ये मनातल्या मनात त्यांना सुनावण्याची माझी जी चोख भाषणे होत, ती हळूहळू बंद पडली. गृहस्थ होते तसेच राहिले आणि यथाकाल बदलून गेले. आमचे सख्य झाले नाही. पण संध्याकाळचा तो अर्धा तास माझा मला परत मिळाला.

मात्र ही प्रार्थना कुठवर जाऊ शकते हे पाहायचे तर बांध आणि टोमणे सोडून इंदूरकडे वळावे लागते. केरळमधल्या पुल्लुवळी गावी 1954 साली जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगर भागातल्या गरीब आदिवासींमध्ये काम करीत. सावकारी पाशातून लोकांनी सुटावे म्हणून त्या धडपडत, आणि हे काही जणांच्या डोळ्यांत खुपले. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्या बसने इंदूरकडे निघाल्या असता समंदरसिंग नावाच्या तरुणाने भर रस्त्यात सुऱ्याचे पन्नासावर वार करून त्यांना ठार केले. त्याला जन्मठेप झाली. 2002 साली राणी मारियांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि रक्षाबंधनाच्या निमित्ताने त्यांनी समंदरसिंगच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्यांची वृद्ध आईही त्याला भेटली आणि ज्या हातांनी लेक मारली त्या हातांचे तिने चुंबन घेतले. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि 2006 साली तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना 'धन्य' घोषित करण्यात आले, तेव्हा समंदरसिंग तिथे हजर होता.

भाऊबीज करणाऱ्या मराठी घराला राखीचा अर्थ सांगावा लागत नाही. पण हे काही एका दिवसात घडले नाही, हे विसरू नये. खून 1995 सालचा, राखी 2002 सालची. मधली सात वर्षे रिकामी होती असे कोण म्हणेल? ज्याचे नाव ऐकवत नाही ते नाव देवापुढे उच्चारता येईपर्यंत काळ जावाच लागतो. त्यात उशीर झाला म्हणून कुणी कुणाला दोष देऊ नये. आणि ज्याची जखम अजून ओली आहे त्याला तर 'क्षमा कर' असा उपदेशही करू नये. त्याच्याजवळ बसावे आणि त्याच्यासाठीही मागावे.

आणि ही वाट मराठी मनाला परकी आहे, असे तरी कसे म्हणावे? शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानदेवांनी जे पसायदान मागितले त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही; त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, एवढेच मागितले आहे. ज्यांना समाजाने इतके छळले त्या भावंडांच्या घरातले हे मागणे! आजीने पसायदान कधी म्हटले असेल असे मला वाटत नाही. पण दोघांनी हात पसरले ते एकाच मागण्यासाठी.

तेव्हा वाचकहो, सणाच्या गडबडीतून रात्री पाठ टेकताना मनात नावांची उजळणी होईल तेव्हा त्या अडणाऱ्या नावापाशी घटकाभर थांबावे. प्रेम वाटत नसले तर वाटते असे म्हणू नये. दुसरे काही सुचले नाही तर झोप मागावी. हद्दीचा दगड सरकला असेल तर सकाळी उठून तो जरूर जागेवर लावावा. पण त्या माणसाच्या गुडघ्याला उतार मागायचे राहू नये. कारण गावात शिव्या देणारे पुष्कळ असतात.