सात मात्रांचा लूप

चाल रूपक तालात बांधलेली होती आणि गायिकेला रियाजासाठी ट्रॅक हवा होता. तबलजी दौऱ्यावर, म्हणून तात्पुरता ठेका एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये मीच बसवायला घेतला. रिदम प्रोग्रॅमिंग मी नेहमीच करतो, पण रूपकाला हात घातला की हे काम मला नव्याने आवडतं.

लाइव्हमध्ये नवीन काम उघडलं की हिशोब चार-चारचा असतो. तो तसाच ठेवून क्लिपच्या लूपची लांबी १.३.० केली की सात मात्रा मिळतात: चारचा एक बार आणि वर तीन. पण मग मेट्रोनोमचा बारच्या सुरुवातीचा जोराचा ठोका समेवर पडत नाही, भलतीकडे पडतो. दोन्ही पुन्हा एकत्र येतात ते २८ मात्रांनी. गाणाऱ्याला ते जाचक होतं, म्हणून आधी सगळं काम सात-चारमध्ये आणलं.

तीं तीं ना, धीं ना, धीं ना. रूपकात समेवरच खाली येते. पहिल्या तीन मात्रांना डग्गा घुमत नाही, तो येतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. माउसने काढलेली प्रत्येक नोट मात्र १०० वेलॉसिटीची, सगळ्या सारख्याच जोराच्या. मिडीत हा आकडा १२७ पर्यंत जातो. मी समेचा तीं ७० च्या आसपास आणला, चौथ्या मात्रेचा धीं ११० वर नेला, तेव्हा कुठे रूपक ऐकू येऊ लागला. मधल्या भरीच्या बोलांना ३०-४० पुरतात.

भरीचे बोल मी पॅडवर बोटांनी वाजवले. क्वांटाइझ पूर्ण शंभर टक्के लावलं तर प्रत्येक आघात ग्रिडच्या रेघेवर जाऊन बसतो आणि ठेक्यातली झुलती चाल जाते. मी प्रमाण पन्नासच्या आसपास ठेवतो. समेचा आघात मात्र हाताने तपासावा लागतो. तो केसभर आधी वाजला असेल तर लूपच्या सुरुवातीच्या बाहेर पडतो आणि आवर्तनात समच गायब होते. तो रेघेवर आणून ठेवायचा.

खरा वेळ गेला डग्ग्याच्या मींडेत. तिच्यासाठी पिच बेंड लागतो, आणि १९८३ साली आलेल्या मिडीच्या नियमांत पिच बेंड एका नोटेला नाही, पूर्ण चॅनलला लागतो. धीं म्हणजे तबला आणि डग्गा एकत्र. दोन्ही एकाच ट्रॅकवर असले तर डग्ग्याबरोबर तबल्याचा षड्जही सरकतो. म्हणून डग्गा वेगळ्या ट्रॅकवर घेतला. मग त्या क्लिपमधल्या बेंडच्या एन्व्हलपची लांबी क्लिपपासून सोडवली. नोटा सात मात्रांनी फिरतात, बेंडची रेघ २८ मात्रांनी. त्यामुळे चार आवर्तनं चार तऱ्हांनी घुमतात. मींड एकदा खोल, एकदा नुसता स्पर्श, एकदा सहाव्या मात्रेला लांबवलेली. लाइव्हमधली ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. रेघ प्रत्येक आवर्तन संपण्याआधी शून्यावर परत आणायची एवढंच पाहावं लागतं.

मुखड्याची सोयही तिथेच आहे. सुरुवातीची खूण लूपच्या कंसाआधी नेऊन ठेवली की उठाण एकदाच वाजते, समेवर येते आणि पुढे ठेकाच फिरत राहतो.

गायिकेने त्यावर रियाज केला आणि अंतऱ्याची एक जागा बदलली, कारण तिसऱ्या आवर्तनातल्या घुमाऱ्याने तिला तिथे थांबावंसं वाटलं. पुढे ध्वनिमुद्रणात तबला तबलजींनीच वाजवला, आणि ते योग्यच झालं. रियाजाचे ट्रॅक करणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे: एकाच आवर्तनाचा लूप कुणाच्या हाती देऊ नका. निदान चार आवर्तनं वेगवेगळी करा, गाणारा त्यावर तासन्‌तास गाणार असतो.