दोन थाऊ

उडालेल्या काडतुसाची पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारी नवी रिसायझिंग डाय विकत घेतली की डबीतून घडी घातलेला एक कागद निघतो. प्रेसचा रॅम पूर्ण वर न्या, डाय शेल होल्डरला टेकेपर्यंत फिरवत खाली आणा, मग आणखी थोडी फिरवा आणि चेकनट आवळा, असं त्यावर छापलेलं असतं. कागद चुकीचा नाही. त्या पद्धतीने दाबलेली पुंगळी बहुतेक कोणत्याही रायफलीत बसते. पण मला ती माझ्या एकाच रायफलीत बसवायची असते, आणि त्या रायफलीच्या चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचं, माप कागदाला ठाऊक नसतं.

मी मूळचा हिवरखेडचा, तेल्हारा तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा. आमच्याकडे बंदूक म्हणजे रानडुकरं आणि रोही पिकातून हाकलायला एखाद्या शेतकऱ्याने परवान्यावर ठेवलेली ठासणीची. तिला माप असं नव्हतंच. दारू आणि छर्रे वरून ठासायचे आणि बार काढायचा. लेथवर माझा हात बसला तो अकोटला, आणि त्याच कामाने पुढे अमेरिकेत ओहायोला आणलं. इथे मी रायफल नेमबाजीच्या स्पर्धांत उतरतो आणि बरोबरचे अनेक स्पर्धक भरतात तशी काडतुसं घरीच भरतो. स्वतःपुरती काडतुसं भरायला इथल्या केंद्रीय कायद्यात परवाना लागत नाही. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्राइमर संपतो. पितळी पुंगळी मात्र तशीच हातात राहते. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताची ही पुंगळी काडतुसाचा सगळ्यात महाग भाग असते, आणि नीट वागवली तर ती पुन्हा पुन्हा वापरता येते.

माझी रायफल .308 विंचेस्टरची. हे काडतूस 1952 साली बाजारात आलं. आपल्याकडच्या एसएलआर रायफलीत जे 7.62 चं काडतूस वापरत, ते बाहेरच्या मापाने जवळजवळ हेच. बार होताना आत वातावरणाच्या चार हजार पटींहून जास्त दाब तयार होतो. त्या दाबाने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटते, म्हणून गॅस मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि बाहेर निघते. आता तिचा आकार त्या चेंबरचा झालेला असतो. पुन्हा भरण्याआधी तिला डायमध्ये दाबून थोडं लहान करायचं, आणि हे ‘थोडं’ किती, यावरच सगळं काम अवलंबून आहे.

बुडापासून खांद्यावरच्या, म्हणजे मानेकडे निमुळत्या होणाऱ्या भागावरच्या, ठरलेल्या रेषेपर्यंतची चेंबरची लांबी .308 साठी 41.40 ते 41.66 मिलिमीटरच्या दरम्यान असावी, असं अमेरिकन कारखान्यांचं प्रमाण आहे. म्हणजे दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन रायफलींत पाव मिलिमीटरचा फरक असू शकतो आणि दोन्ही निर्दोष असतात. डाय बनवणाऱ्याला दोन्हींचा विचार करावा लागतो, म्हणून तो सगळ्यात लहान चेंबर धरून चालतो. माझं चेंबर मोठं असेल आणि मी कागदावर विसंबलो, तर पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा बराच मागे ढकलला जातो. मग बार होतो तेव्हा पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला चिकटून जागच्या जागी राहतो आणि बूड बोल्टकडे मागे सरकतं. मधलं पितळ ताणलं जातं, आणि नेमकं बुडाच्या थोडं वर. दर बाराला ते तिथे पातळ होत जातं. बाहेरून त्या जागी एक फिकट चकचकीत कडं दिसू लागतं. आतून, टोक वाकवलेली बारीक तार भिंतीवरून फिरवली की तिथे खाच लागते. अशी पुंगळी त्याच क्षणी पक्कडने चेपून भंगारात टाकावी. पुढच्या बाराला ती चेंबरात दुभंगू शकते, आणि तो दाब मग कुठून वाट काढेल हे कोणाच्या हातात नसतं.

म्हणून मी डाय लावण्याआधी मोजतो. माझ्याच रायफलीत उडवलेल्या पुंगळ्या घेतो. शक्यतो एकापेक्षा जास्त वेळा उडवलेल्या, कारण पहिल्या बाराला पितळ चेंबर पूर्ण भरेलच असं नाही. प्राइमर काढतो, कारण तो किंचित बाहेर आलेला असला तर माप खोटं येतं. व्हर्निअरच्या जबड्याला खांद्यावर बसणारं भोक असलेला ठोकळा लावतो आणि बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी लिहून घेतो. बोल्ट रायफलीसाठी खांदा त्या मापापेक्षा दोन थाऊ मागे गेला की पुरे. लेथवर काम केलेल्यांना थाऊ सांगायला नको. इतरांसाठी, तो इंचाचा हजारावा भाग. दोन थाऊ म्हणजे मिलिमीटरचा विसावा हिस्सा. आपोआप भरणाऱ्या रायफलीत बोल्ट स्वतःच्या जोराने बंद व्हावा लागतो, तिथे मी आणखी एक-दोन थाऊ सोडतो.

मग डाय मुद्दाम उंच लावतो, पुंगळीला लॅनोलिनचा पातळ हात देतो आणि दाबतो. पहिल्यांदा करणारा इथे हमखास गोंधळतो, कारण माप कमी होण्याऐवजी वाढतं! डायची भिंत आधी पुंगळीचं अंग आवळते; आवळलेलं पितळ कुठेतरी जाणारच, ते पुढे सरकतं आणि खांदा वर उचलतं. डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडेपर्यंत असंच चालतं. अर्धवट दाबलेली पुंगळी कधी कधी न दाबलेलीपेक्षाही घट्ट बसते ती यामुळे. इथे घाबरून डाय भसकन खाली घेऊ नये. डायच्या आट्या एका इंचात चौदा असतात, म्हणजे पूर्ण फेऱ्याला एकाहत्तर थाऊ. दोन थाऊंसाठी जेमतेम दहा अंश. मी डायच्या डोक्यावर आणि प्रेसवर पेनाने रेघ मारतो आणि रेघेच्या जाडीएवढंच फिरवत जातो. दर वेळी नवी पुंगळी, दर वेळी माप.

प्रेससुद्धा ओतीव लोखंडाची असली तरी जोर पडला की किंचित ताणते. रिकाम्या रॅमला डाय टेकलेली दिसते, पण पुंगळी आत असताना त्यांच्यात उजेडाची फट राहते. त्यामुळे चेकनट मी पुंगळी डायमध्ये असताना, रॅम वर दाबून धरूनच आवळतो. शेवटची परीक्षा रायफलीत. बोल्टमधली पिन आणि पुंगळी बाहेर फेकणारा स्प्रिंग-दट्ट्या काढून ठेवायचा, म्हणजे बोटांना फक्त पितळाचा विरोध कळतो. न दाबलेल्या पुंगळीवर बोल्टची मूठ अडते. नीट दाबलेल्या पुंगळीवर ती शेवटच्या टप्प्यात नावापुरती जाणवते आणि बसते.

हे करताना मला हिवरखेडचा लोहार आठवतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची, तर ती चाकापेक्षा थोडी लहान करायची, भट्टीत लाल करून फुगवायची, चाकावर घालायची आणि पाणी ओतून आवळू द्यायची. लहान किती, हे तो प्रत्येक चाकापाशी बसून दोरीने मोजायचा. एकाच गाडीच्या दोन चाकांनाही तो एक माप धरत नसे. “चाक पाह्यल्याबिगर धाव नाई कापत मी,” म्हणायचा. टर्नर म्हणून पुढे जे काही शिकलो, त्यात याहून उपयोगी काही मला सापडलेलं नाही.

डाय एकदा लावली की कायमची लागली, असं मात्र धरू नये. पितळ दर दाबण्याला आणि दर बाराला कडक होत जातं, आणि कडक पितळ डायमधून सुटल्यावर जास्त उसळून येतं. डाय हललेली नसते, तरी माप एक-दोन थाऊंनी वाढलेलं दिसतं. त्यावर उपाय डाय आणखी खाली घेणं हा नव्हे. मान आणि खांदा यांना ज्योतीवर काही क्षण ताव देऊन पितळ नरम करावं. ताव फक्त वरच्या भागाला. बूड नरम झालं तर सगळा दाब पेलणारी जागाच कच्ची होते. तशी पुंगळी मी पुन्हा वापरत नाही.

ओहायोत एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. तिथे 1907 पासून राष्ट्रीय सामने होतात आणि सहाशे यार्डांवर निशाणं लागतात. तिथे जाणाऱ्यांना हे दोन थाऊ अचूकतेसाठी हवे असतात: प्रत्येक काडतूस चेंबरात सारखंच बसलं पाहिजे. मला अचूकता हवीच आहे, पण माझ्या लेखी पहिला मान पुंगळीच्या आयुष्याचा आणि नेमबाजाच्या डोळ्यांचा.

नेमबाज स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं, तेव्हा तोही घरी काडतुसं भरतो का, असं मला गावाकडच्या अनेकांनी विचारलं. पन्नास मीटरची ती स्पर्धा .22 च्या काडतुसावर होते आणि ते पुन्हा भरता येत नाही. त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या काठातच असतो आणि पिन तो काठच चेपते. मोठ्या रायफलीची काडतुसं आपल्या भागात बनतात ती जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या सरकारी कारखान्यात. अकोल्याहून भुसावळला जाताना ते स्टेशन लागतं. बाकी, भारतात काडतूस बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, तेव्हा तिथे कोणी हे वाचून प्रेस मागवू नये. अमेरिकेतल्या मराठी नेमबाजांना मात्र माझी विनंती आहे: मित्राने लावलेल्या डायवर, आणि माझ्याही, आपलं काडतूस भरू नका. आधी आपल्या रायफलीत उडवलेली पुंगळी मोजा, मगच चेकनट सैल करा.