वॅट विचारा

गेमिंग लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कार्डाचा आकडा बघायचा, बाकी सगळा मुलामा, असं मी बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. नात्यात कोणाला लॅपटॉप घ्यायचा असला की फोन मला येतो, आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं: बजेटमध्ये बसेल ते सगळ्यात वरचं कार्ड घ्या. ४०५० पेक्षा ४०६० भारी, विषय संपला. पडदा, पंखे, चार्जर असलं कोणी काढलं तर मी वैतागायचोच. हल्ली मी तसं सांगत नाही.

भाचीसाठी शोधाशोध करताना हे मत डळमळलं. ती नागपुरात आर्किटेक्चर शिकते. थ्रीडी रेंडरसाठी दणकट लॅपटॉप हवा होता, आणि रात्री खेळायलाही. (ताईला पहिलंच कारण सांगितलं होतं.) बजेटमध्ये दोन बसत होते. एक सडपातळ, देखणा, ४०६० वाला. दुसरा जाडजूड, ४०५० वाला. मी अर्थातच पहिल्याच्या बाजूने. पण भाचीने कंपनीच्या साइटवरचा बारीक अक्षरातला तक्ता उघडून विचारलं, "मामा, हे वॅट काय आहेत?"

लॅपटॉपमधल्या या दोन्ही कार्डांना एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅटची मुभा दिली आहे. त्यातले किती द्यायचे, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. पंखा तोच, पण रेग्युलेटर दोनवरच पक्का करून दिलेला, असा प्रकार. पातळ खोक्यातून उष्णता बाहेर जात नाही, म्हणून वॅट कापतात, आणि मग कमी वॅटच्या ४०६० ला पूर्ण वॅटचं ४०५० बऱ्याच गेममध्ये गाठतं. पूर्वी अशा कार्डाच्या नावापुढे निदान 'मॅक्स-क्यू' तरी लिहिलेलं असायचं. २०२१ मध्ये आलेल्या ३० मालिकेपासून ती शेपटीही गेली. झाकणाजवळच्या स्टिकरवर फक्त नाव. दुकानातल्या पोऱ्याला वॅट विचारले तर तो चार्जरचे सांगतो. तेही अगदीच वाया जात नाही म्हणा: चार्जर किरकोळ असेल तर आतल्या कार्डाला भरपेट मिळत नसणार, एवढं कळतं.

त्यात नागपूरचा मे महिना. लॅपटॉपचे पंखे खोलीतलीच हवा आत ओढतात. खोलीच चाळिशीकडे गेली असेल तर चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, आणि पातळ लॅपटॉपचा दम आधी जातो.

पडद्याचं तर मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. १४४ हर्ट्झ ठळक छापतात, रंग मात्र '४५ टक्के एनटीएससी' असे कोपऱ्यात. म्हणजे साध्या एसआरजीबीचेही साधारण साठ-बासष्ट टक्केच. त्यावर विटेचा लाल रंगही विटका दिसतो. रॅमची पट्टी पुढे वाढवता येते (एकाच पट्टीवर येत असेल तर वाढवावीच), एसएसडीही. पडदा बदलायला मात्र सहसा कोणी जात नाही. देखण्या लॅपटॉपचा पडदा नेमका हा ४५ टक्केवाला निघाला.

शेवटी जाडजूडच घेतला. अडीच किलोच्या आसपास वजन, वर विटेएवढा चार्जर. कॉलेजला नेताना ती कुरकुरते. चार्जर काढला की कार्ड पेंगतं, त्यामुळे तो घरी ठेवायचीही सोय नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ४०६० ला ८ जीबी व्हीरॅम आहे, ४०५० ला ६, आणि ती नंतर वाढवता येत नाही. आज फुल एचडीवर तिचं भागतंय. नवे गेम यायला लागले, रेंडरचे सीन जड झाले आणि टेक्श्चर खाली आणायची वेळ आली, की फोन मलाच येणार.