मुळशीच्या ओव्यांची खतावणी

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पौडच्या दिशेने निघाले की पिरंगुटपर्यंत कारखान्यांच्या भिंती सोबत करतात. पौड मागे पडल्यावर सह्याद्री जवळ येतो आणि पुढे मुळा नदीवरील धरणाचे पसरलेले पाणी दिसू लागते. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटांनी बांधलेल्या या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. तो इतिहास ग्रंथांत आला. मात्र याच खोऱ्यातील बायका पिढ्यान्‌पिढ्या पहाटे जात्याशी बसून जे गात आल्या, त्याची नोंद दीर्घकाळ कोठेच नव्हती.

ती घेण्याचे काम पुण्याच्या दोन समाजशास्त्रज्ञांनी अंगावर घेतले. मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर. त्यांच्याबरोबर होत्या ‘गरीब डोंगरी संघटने’त काम करणाऱ्या नांदगाव, कोळवडे अशा गावांच्या स्त्रिया. हे महत्त्वाचे. शहरातून वही घेऊन आलेल्या अनोळखी माणसापुढे खेड्यातील सासुरवाशीण तोंड उघडत नाही; शेजारच्या वाडीतील बाईपुढे उघडते. मुळशी-मावळात सुरू झालेला हा संग्रह महाराष्ट्रभर पसरला आणि १,००० हून अधिक गावांतील ३,००० हून अधिक गायिकांच्या १,१०,००० ओव्यांपर्यंत पोहोचला.

एवढा माल गोळा झाला की खरा प्रश्न सुरू होतो. ज्या घरांत रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द लहानपणापासून कानांवर पडतात, त्यांना तो चटकन उमजेल. गावोगावच्या वह्या ही कीर्द झाली. जसे आले तसे लिहिले. पण त्या दिवशी कोणाकडून काय आले एवढेच कीर्द सांगते. मायलेकीच्या नात्याविषयी अवघ्या महाराष्ट्रातील बायका काय म्हणतात, हे पाहायचे तर प्रत्येक ओवी योग्य खात्यावर चढवावी लागते. म्हणून राईरकर आणि पॉइटवाँ यांनी विषयवार वर्गीकरण रचले. सीतेचा वनवास, मायलेकी, बहीणभाऊ, कष्ट, पंढरीची वाट, बाबासाहेब आंबेडकर अशी खाती. त्यांत पोटखाती आणि पोटखात्यांचीही पोटखाती. प्रत्येकाला अक्षर-आकड्यांचा संकेत. खाती आधी आखून मग ओव्या त्यांत कोंबल्या असे झाले नाही, ही या कामातील सर्वांत सचोटीची गोष्ट. बायका ज्याविषयी गात होत्या, त्यावरून खाती ठरत गेली.

तरी अडचण राहतेच. एखाद्या ओवीच्या पहिल्या ओळीत सीता वनात असते आणि दुसऱ्या ओळीत गाणारीचा स्वतःचा सासुरवास डोकावतो. ती रामायणाची की संसाराची? व्यापाऱ्याच्या वहीत रक्कम दोन खात्यांत विभागता येते, ओवी विभागता येत नाही. अशा ठिकाणी सूचीकाराचा विवेक हाच आधार, आणि तो एकट्याचा असून चालत नाही. गाणाऱ्या बाईला विचारावे लागते.

शिवाय कागदावर उतरते ती अर्धीच ओवी. बायका चालीला ‘गळा’ म्हणतात. दोन ओळींचा मजकूर गाताना शब्द मागे-पुढे होतात, अर्धी ओळ पुन्हा येते, मध्येच ‘बाई’ येते, आणि या सर्वांखाली जात्याची घरघर असते. एकच ओवी दोन गावांत दोन गळ्यांत ऐकू येते. म्हणून १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक असलेले फ्रेंच अभियंता या कामात आले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. मजकुराची एक नोंद आणि आवाजाची दुसरी, अशी दुहेरी सूची संगणकावर उभी राहिली. कोणती ओवी कोणत्या फितीवर कितव्या क्रमांकाला आहे; कोणी गायिली, गाव, तालुका, जिल्हा कोणता, मुद्रणाची तारीख काय, एवढे सारे तीत आले. या रकान्यांपैकी गायिकेच्या नावाचा रकाना सर्वांत मोलाचा मानावा लागेल. लोकगीतांच्या कितीतरी जुन्या संग्रहांत गीत आहे, गाणारी नाही.

जैन वाचकाला हे सारे अपरिचित वाटू नये. आपल्या आगमांना ‘श्रुत’ म्हणतात, म्हणजे ऐकलेले. स्मरणशक्ती क्षीण होत चालली हे ओळखून आचार्य धरसेनांनी गिरनारच्या परिसरात पुष्पदंत आणि भूतबली यांना ज्ञान दिले आणि त्यातून षट्‌खंडागम लिपिबद्ध झाला. वलभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी श्वेतांबर आगम लिहवून घेतले. श्रुतपंचमी आणि ज्ञानपंचमी हे सण त्या जाणिवेचेच. पुढे ज्ञानभांडारे भरली, पण कोणता ग्रंथ कोठे आहे हे सांगणारी सूची नसेल तर भरलेले भांडारही बंद कोठाराप्रमाणेच असते. ती अडचण दूर करण्यासाठी हरि दामोदर वेलणकर यांनी ‘जिनरत्नकोश’ ही जैन ग्रंथांची सूची सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने ती १९४४ साली प्रसिद्ध केली. आज आपल्या किती घरांच्या कपाटांत चातुर्मासातील प्रवचनांच्या, आजोबांच्या आठवणींच्या कॅसेट पडून आहेत आणि त्यांवर ‘बाजू अ’, ‘बाजू ब’ यापलीकडे काही लिहिलेले नाही, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

फितीला वेळही फार नसतो. चुंबकीय थर सुटतो, दमट हवेत बुरशी धरते. आणि फीत सुस्थितीत असली तरी ती वाजवणारी यंत्रे बनेनाशी होतात, सुटे भाग मिळत नाहीत. २०१९ साली युनेस्कोनेही याविषयी जगभरातील संग्रहांना सावध केले होते. मुळशीच्या फितींचे दैव मात्र बरे निघाले. गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत-संग्रहालयात हे ध्वनिमुद्रण राहिले. ते संग्रहालयही मूळचे पुण्याचे. १९८२ साली त्याची स्थापना येथेच झाली होती. तेथून अंकीय रूपात हा ठेवा फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथील भांडारात गेला. पॉइटवाँ २००४ साली निवर्तले, राईरकर २०१० साली. कर्ते गेले तरी खाती चोख असल्याने काम अडले नाही. ‘पारी’, म्हणजेच पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संस्थेने ते पुढे चालविले आणि मार्च २०१७ पासून या ओव्या मूळ आवाजात, मजकूर आणि अनुवादासह सर्वांना ऐकता येऊ लागल्या.

त्यानंतर घडले ते विशेष. सूचीतील गाव आणि नाव हाती धरून मंडळी पुन्हा त्या गावांत गेली. मुळशीत गेली, मराठवाड्यात गेली. माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरील ओव्या मुद्रित झाल्या होत्या, तेथेही गेली. वीस वर्षे लोटली होती. काही गायिका भेटल्या, पुन्हा गायिल्या, आणि सूचीत त्यांच्या नावापुढे वय, मुलेबाळे, व्यवसाय, छायाचित्र अशी भर पडली. काही तोवर निवर्तल्या होत्या. त्यांच्या नोंदी जुन्या मुद्रणाच्या तारखेवर थांबल्या आहेत.

खोऱ्यात आता दळण गिरणीत जाते. जाते पडवीच्या कोपऱ्यात उभे करून ठेवलेले असते आणि लग्न निघाले की हळद दळण्यासाठी बाहेर येते. खुंट्याला चार हात लागतात, घरातील सर्वांत वयस्कर बाईला पुढे बसवतात, आणि पहिली ओवी तिने म्हणायची असते.