कडा, भिंत आणि पदक

आजचा धागा आंबागडावर सुरू होतो, शामोनी आणि बर्लिनला जाऊन येतो आणि भंडाऱ्यातील आमच्या घराच्या ओसरीवर थांबतो. लांब आहे, सवडीने वाचावा.

तुमसर तालुक्यातील आंबागड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. इ. स. १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या काळात राजा खान पठाणाने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा उपयोग तुरुंगासारखा केला. मागच्या दिवाळीत धाकट्या भावाला घेऊन मी तेथे गेले. तो पुण्यात शिकतो आणि संध्याकाळी कृत्रिम भिंतीवर प्रस्तरारोहणाचा सराव करतो. मी बुरुजाचे बांधकाम न्याहाळत होते. तो त्याच बुरुजाच्या सांध्यांवरून बोटे फिरवत होता. मी ओरडले. तो म्हणाला, “ताई, चढत नाही मी, नुसतं पाहून रायलो.”

त्या ओरडण्यामागे एक जुना वाद होता. वर्षभरापूर्वी बाबांनी मला विचारले होते, की ही भिंतीची चढाई खरा खेळ आहे का. आमच्या घरी इतिहास शिकणारी मी एकटी, म्हणून असे निवाडे माझ्याकडे येतात. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तेव्हा ‘खरा खेळ’ म्हणजे काय हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात केवळ तात्त्विक राहत नाही. मी मोठ्या ऐटीत सांगितले, की कडा चढणे हे शौर्य आहे, रंगीत प्लास्टिकच्या खुंट्या चढणे ही जत्रेतली करमणूक आहे. ऑलिम्पिकने ती घेतली तो बाजाराचा प्रभाव. माझ्या शब्दावर बाबांनी त्याच्या प्रशिक्षणाचे शुल्क थांबवले. तो काही बोलला नाही, हे अधिक वाईट.

माझ्या डोक्यात अर्थातच सिंहगड होता. ४ फेब्रुवारी १६७०. घोरपडीची कथा पोवाड्यातून आपल्याकडे आली. सभासद बखरीत घोरपड नाही. तेथे निवडक मावळे आधी अंधारात कडा चढतात आणि मागच्यांसाठी वाट करतात. भावाला हे सांगितले तेव्हा तो लगेच म्हणाला, “म्हणजे लीड.” लीड या प्रकारात चढणारा खालून दोर घेऊन निघतो आणि वर जाता जाता तो अडकवत जातो. मला राग आला, कारण त्याचे म्हणणे बरेचसे बरोबर होते.

मग मी वाचायला बसले. ऑलिम्पिकने खऱ्या पर्वतांना पदके देऊन पाहिली आहेत, हे मला ठाऊकच नव्हते. १९२४ मध्ये शामोनीच्या हिवाळी क्रीडामेळ्यात १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेला गिर्यारोहणाचे पदक दिले गेले. त्या मोहिमेने शिखर गाठले नव्हते. ७ जून १९२२ रोजी हिमस्खलनात सात भारवाहक मात्र गेले. पदकाच्या यादीत त्या सातांचीही नावे आहेत, भारतीय म्हणून. १९३२ मध्ये मॅटरहॉर्नची उत्तर भिंत चढलेल्या श्मिड बंधूंचा गौरव झाला, तेव्हा त्यांतला टोनी दुसऱ्या एका चढाईत मरण पावलेला होता. १९३६ मध्ये बर्लिनला हिमालयातील मोहिमांसाठी डायरेनफुर्थ दांपत्याला पदक मिळाले. त्यानंतर हा सन्मान कोणालाही दिला गेला नाही. मी ज्याला शौर्य म्हणत होते त्याची स्पर्धा लावली तर काय होते, हे या यादीवर दिसते.

आणि खऱ्या खडकाचे काय होते? १९८५ मध्ये इटलीतील बार्दोनेक्कियाला आधुनिक पद्धतीची मोठी स्पर्धा नैसर्गिक कड्यावर झाली. त्याच वर्षी फ्रान्समधील एकोणीस आरोहकांनी स्पर्धांविरुद्ध जाहीरनामा काढला होता. त्यांतले काही जण पुढे स्पर्धेत उतरलेच. स्पर्धेसाठी कडा छिलला गेला, खोबणी घडवल्या गेल्या. थोड्याच वर्षांत स्पर्धा कृत्रिम भिंतीवर गेल्या. हे वाचताना मला आंबागडाचा बुरुज आठवला. प्लास्टिकच्या ज्या खुंट्यांना मी हसले होते, त्यांच्यामुळे दगड वाचतो.

तरी सगळेच मला पटलेले नाही. टोकियोत (२०२१) वेग, बोल्डरिंग आणि लीड या तिन्हींना मिळून एकच पदक होते, आणि तीन क्रमांकांचा गुणाकार करून विजेता ठरला. धावपटूला शंभर मीटर आणि मॅरेथॉन एकत्र धावायला लावण्यासारखेच हे. पॅरिसला (२०२४) वेग वेगळा झाला. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये तिन्ही स्वतंत्र असतील. वेगाची पंधरा मीटरची भिंत जगभर एकसारखी असते. मला ती रुक्ष वाटते. पण ती तशी नसती तर विक्रम कशाशी ताडून पाहणार?

आता बर्लिनकडे परत. त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तेथे गेले होते आणि त्याने आपले देशी खेळ जगासमोर दाखवले. कबड्डी त्यांत होती. १९९० मध्ये ती आशियाई खेळांत आली, ऑलिम्पिकमध्ये अद्याप नाही. आपल्या विदर्भातली माणसे हा दरवाजा ठोठावून आली, त्याला नव्वद वर्षे होत आली. दुसऱ्या एका खेळासाठी तो उघडला, तर नाक मुरडण्याचा हक्क मला कोणी दिला?

हे सारे मी ओसरीवर बाबांना सांगितले. माझा निवाडा चुकला होता, असेही म्हणाले. त्यांनी भावाला काही दाखवायला सांगितले. त्याने मोबाईलवर पॅरिसची वेगाची शर्यत लावली. सॅम वॉटसन, ४.७४ सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम. चित्रफीत संपली तरी बाबा पडद्याकडेच पाहत होते.

“संपलं?”

“हो, बाबा.”

“पुन्हा लाव,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, “अन् फी किती भराची आहे, ते विचार त्याला.”